ट्यूब अँप घेताय? आधी स्पीकरची पाठ बघा

ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर, बघायला माणूस संध्याकाळी दुकानात गेला की निम्मा सौदा तिथेच होतो. दिवे मंद केलेले असतात, काचेतून नारिंगी उजेड येत असतो आणि कुणीतरी संथ आलाप लावून ठेवलेला असतो. माझंही तसंच झालं. ३००बी या ट्यूबचा, एका चॅनलला ८ वॉट देणारा अँप मी घरी आणला. तानपुरा असा वाजला की चारही तारा वेगवेगळ्या मोजाव्यात. मग विलंबित संपून द्रुत सुरू झालं, सम आली आणि डग्ग्याचा ‘धा’ उशीवर बुक्की मारल्यासारखा ऐकू आला. आवाज वाढवला तर गळाही खरखरायला लागला. अँप बिघडलाय असं समजून मी तो दोनदा दुकानात नेला. अँप ठणठणीत होता. जे कळायला हवं होतं ते माझ्या स्पीकरच्या मागच्या पट्टीवर छापलेलं होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं.

पहिल्यांदाच ट्यूब इंटिग्रेटेड घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय, त्यातही ज्यांच्याकडे स्पीकर आधीच आहेत आणि ते बदलायचे नाहीत त्यांच्यासाठी. इंटिग्रेटेड म्हणजे सिग्नल सांभाळणारा प्रीअँप आणि ताकद देणारा पॉवर अँप एकाच पेटीत, मागे डीएसी (डिजिटल गाण्याचा अँपला समजेल असा सिग्नल करणारी डबी) किंवा सीडी प्लेअर जोडायची सोय आणि पुढे आवाजाचं बटण. जुनी माणसं ट्यूबला ‘व्हॉल्व्ह’ म्हणायची. आजोबांच्या रेडिओत असायचा तोच तो प्रकार.

पायरी १: स्पीकरचे तीन आकडे वहीत उतरवा

पहिला आकडा सेन्सिटिव्हिटी. ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. दुसरा नॉमिनल इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो सर्वसाधारण अडथळा. ४, ६ किंवा ८ ओहम असं पट्टीवर लिहिलेलं असतं ते हेच. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, मिनिमम इम्पीडन्स, म्हणजे तो अडथळा खाली कुठवर उतरतो ते. हा पट्टीवर बहुधा नसतो, कंपनीच्या तपशीलपत्रात खाली बारीक अक्षरात सापडतो. तिथेही नसेल तर त्या मॉडेलची कुणी स्वतंत्र मोजणी केली आहे का ते शोधा.

आता एक मेख. सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा ‘२.८३ व्होल्टला’ दिलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर बरोबर १ वॉट जातो. तेवढेच व्होल्ट ४ ओहमच्या स्पीकरला दिले तर जातात २ वॉट. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ९० डेसिबल लिहिलं असेल तर वॉटच्या हिशेबात तो ८७ चाच आहे. ट्रान्झिस्टर अँपवाल्याला याची फारशी फिकीर नसते. ट्यूबवाल्याकडे वॉट मोजकेच असतात, त्याला ३ डेसिबल म्हणजे निम्मा अँप.

नमुन्यादाखल काही आकडे. केईएफचा एलएस५० मेटा ८५ डेसिबलचा, नॉमिनल ८ ओहम, पण खाली ३.५ ओहमपर्यंत उतरणारा. व्हार्फडेलचा लिंटन ९० डेसिबल, ६ ओहम, किमान ३.५. क्लिप्शचा हेरेसी ९९ डेसिबल. बीबीसीसाठी १९७० च्या दशकात बनलेला एलएस३/५ए अवघा ८३ च्या आसपास, पण इम्पीडन्स मात्र १५ ओहम (पुढच्या आवृत्तीत ११). यातला शेवटचा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

स्पीकरमध्ये एवढा फरक का असतो? सिनेमागृहांचे जुने अँप जेमतेम काही वॉटचे असायचे. त्यामुळे स्पीकर कपाटाएवढे आणि भोंग्याचे करावे लागत, मोजक्या वॉटमध्ये थिएटर भरायचं म्हणून. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ आणला. बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून त्यांनी छोट्या डब्यातून खोल बेस काढला आणि त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीने मोजली. लहान पेटी, खोल बेस, जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. आज आपल्या हॉलमध्ये असलेले बहुतेक बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर, त्याच वाटेने आले आहेत, आणि ते चालवायला पुढे ट्रान्झिस्टर आलाच. मी ३००बी घेतला तेव्हा १९३० च्या दशकातल्या थिएटरची ट्यूब एकविसाव्या शतकातल्या डबीला जोडत होतो.

पायरी २: वॉटचा हिशेब पाच मिनिटांत

कागद घ्या. समजा स्पीकर ८७ डेसिबल, ८ ओहम. तुम्ही बसता साधारण आठ फुटांवर, म्हणजे अडीच मीटर. अंतरामुळे ८ डेसिबल जातात. दोन स्पीकर असल्याने ३ परत येतात, भिंतींमुळे आणखी सुमारे ३. म्हणजे खुर्चीपाशी १ वॉटला ८५ डेसिबल.

घरात मन लावून ऐकताना सरासरी आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो. त्याला वीज लागते ०.१ वॉट. हो, एक दशांश. लोक इथेच फसतात, ‘मग ८ वॉट म्हणजे डोंगर झाला’ असं त्यांना वाटतं. पण तबल्याची थाप, पियानोचा आघात, ढोलकीचा तोडा सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उसळतो. ७५ अधिक २० म्हणजे ९५. ८५ वरून ९५ ला जायला दहापट वीज लागते, म्हणजे १० वॉट. माझा ‘धा’ कुठे गेला ते आता समजलं असेल.

हाच हिशेब ९७ डेसिबलच्या स्पीकरला लावला तर १ वॉट पुरतो. ८३ च्या स्पीकरला २५ लागतात. प्रत्येक ३ डेसिबलला वॉट दुप्पट, प्रत्येक १० ला दहापट, एवढंच पाठ करा. आलेल्या आकड्याच्या दीडपट-दुपटीचा अँप बघा. भजन-भावगीत हळू आवाजात ऐकणाऱ्याला कमी चालेल, सिंफनी आणि रॉकवाल्याने हात आखडू नये.

मोठ्या हॉलमध्ये बारा-चौदा फुटांवर बसत असाल तर आणखी थोडे डेसिबल वजा करा. आणि कंपनीच्या सेन्सिटिव्हिटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही कंपन्या खोलीची मदत धरून आकडा छापतात, मग तो दोन-तीन डेसिबल फुगलेला निघतो.

पायरी ३: इम्पीडन्सचा चढउतार

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण वॉटचं सगळे सांगतात आणि हे कुणी सांगत नाही.

स्पीकरचा इम्पीडन्स एकच आकडा नसतो. खर्जात एक मोठा डोंगर, मग दरी, मग क्रॉसओव्हरपाशी (मोठा वूफर आणि छोटा ट्वीटर आवाज वाटून घेतात तिथे) पुन्हा चढ, असा तो घाट असतो. ‘८ ओहम’ लिहिलेल्या स्पीकरमध्ये कुठे ४ असतो, कुठे २० ओहम. ट्रान्झिस्टर अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो, समजा ०.१ ओहम. त्याला हा घाट जाणवत नाही. ट्यूब अँपचा मात्र अर्ध्या ओहमपासून ३ ओहमपर्यंत काहीही असू शकतो.

समजा अँपचा २ ओहम आहे. स्पीकर जिथे ४ ओहम आहे तिथे सहापैकी चार भाग व्होल्टेज स्पीकरला मिळालं, बाकीचं अँपच्या पोटातच राहिलं. जिथे २० ओहम आहे तिथे बाविसापैकी वीस भाग मिळाले. डेसिबलमध्ये हा फरक पावणेतीनच्या आसपास भरतो. म्हणजे टोन कंट्रोलला हात न लावता तुमच्या स्पीकरचा स्वभाव बदलला. कुठे बेस फुगतो, कुठे गळा पुढे येतो. ‘ट्यूबची ऊब’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला बराच भाग हाच असतो. कधी हा बदल कानाला गोड लागतो, कधी अगदी विचित्र. तो तुमच्या स्पीकरवर कसा लागेल हे दुसऱ्याच्या स्पीकरवरून सांगता येत नाही.

तपशीलपत्रात ‘डॅम्पिंग फॅक्टर’ लिहिलेला असतो. ८ ला त्याने भागा, की साधारण आउटपुट इम्पीडन्स मिळतो. डॅम्पिंग ४ असेल तर २ ओहम, १६ असेल तर अर्धा. स्पीकरचा किमान आकडा ६ च्या वर आणि घाट सपाट असेल तर कमी डॅम्पिंगचा अँपही खुशाल घ्या. किमान ३-४ असेल तर ८-१० च्या वरचा डॅम्पिंग फॅक्टर आणि ४ ओहमचा वेगळा टॅप (मागचं जोडणीचं टर्मिनल), या दोन्ही अटी धरा.

आता तो एलएस३/५ए. ८३ डेसिबल म्हणजे कागदावर ट्यूबसाठी नालायक. पण त्याचा इम्पीडन्स उंच असल्याने अँपला करंट फारसा द्यावा लागत नाही. म्हणून २०-४० वॉटच्या पुश-पुल (ट्यूबची जोडी काम वाटून घेते अशा) ट्यूब अँपबरोबर छोट्या खोलीत ही जोडी कित्येक वर्षं नांदते आहे. उलट ९० डेसिबलचा, पण ३ ओहमपर्यंत घसरणारा उभा टॉवर स्पीकर त्याच अँपला घाम फोडू शकतो. नुसती सेन्सिटिव्हिटी बघून घेणाऱ्यांचं इथेच चुकतं.

पायरी ४: ट्यूबची जात

हिशेबाचा आकडा हातात आला की निवड आपोआप आखडते.

२ ते ४ वॉट: २ए३ किंवा ४५ ट्यूबचे सिंगल-एंडेड (जोडीशिवाय, एकच ट्यूब सगळं काम करते असे) अँप. भोंग्याचे, ९८-१०० डेसिबलचे स्पीकर नसतील तर या वाटेला जाऊ नका.

सुमारे ८ वॉट: ३००बी सिंगल-एंडेड. ९४-९५ च्या पुढचे स्पीकर आणि गळ्याचं, तंतुवाद्यांचं संगीत असेल तर याच्यासारखं सुख नाही. एकच ईएल३४ लावलेले सिंगल-एंडेड अँपही ८-१२ वॉट देतात आणि त्याची ट्यूब पुष्कळ स्वस्त मिळते.

१२ ते १७ वॉट: ईएल८४ ची पुश-पुल जोडी. माझी लाडकी. आवाज चपळ, ट्यूब स्वस्त, उष्णता बेताची. ९० च्या आसपासचे, सोप्या इम्पीडन्सचे स्पीकर आणि १०×१२ ची खोली यांना पुरून उरते.

३५-४० वॉट: ईएल३४ ची पुश-पुल जोडी. घरात ८६ ते ८९ चे बुकशेल्फ असलेल्या बहुतेकांनी इथेच थांबावं. १९५९ चा डायनाको एसटी-७० याच ट्यूबवर ३५ वॉट द्यायचा आणि तो नमुना आजही गिरवला जातो.

४० ते ७५ वॉट: केटी८८ पुश-पुल. १९६१ चा मॅकिंटॉश एमसी२७५ याच ट्यूबवर ७५ वॉट काढायचा. बेसला पकड हवी असेल, स्पीकर ८४-८५ चे असतील तर हा पर्याय. वजन आणि वीजबिल मात्र त्याच मापाचं.

काही अँपमध्ये ‘ट्रायोड’ आणि ‘अल्ट्रालिनिअर’ अशा, ट्यूब चालवायच्या दोन पद्धतींचा खटका असतो. ट्रायोडमध्ये आवाज मऊ होतो आणि वॉट जवळजवळ निम्मे होतात, त्यामुळे हिशेब त्या निम्म्यावरही करून ठेवा.

पायरी ५: उचलून बघा

हे थट्टेने म्हणत नाहीये. ट्यूब अँपमध्ये खरा पैसा चमकणाऱ्या काचेत नसतो, मागच्या काळ्या डब्यांत असतो. ट्यूबमधून शेकडो व्होल्ट आणि थोडासाच करंट निघतो, स्पीकरला हवे असतात थोडे व्होल्ट आणि भरपूर करंट. हा बदल आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. बेस पुरेशा ताकदीने जायचा तर त्यात लोखंड भरपूर लागतं. ४० वॉटचा स्टिरिओ ट्यूब अँप १०-१२ किलोतच आटोपला असेल तर काटकसर कुठे झाली ते समजून घ्या. चांगले नमुने २० किलोच्या पुढे जातात. म्हणजे भिंतीवरची काचेची फळी विसरायची.

तपशीलपत्रात वॉट कोणत्या विकृतीला (डिस्टॉर्शनला) मोजलेत तेही बघा. १ टक्क्याला ३० वॉट आणि १० टक्क्याला ४० वॉट हा एकच अँप असू शकतो. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा (खर्जापासून तारेपर्यंत कुठवर वाजतो त्याचा) आकडा १ वॉटला दिलाय की पूर्ण ताकदीला, हेही विचारा. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर तेही एक उत्तरच.

पायरी ६: बायस आणि ट्यूबचं आयुष्य

पॉवर ट्यूबमधून शांत असतानाही ठरावीक करंट वाहावा लागतो, तो बायस. ‘ऑटो’ किंवा कॅथोड बायसच्या अँपमध्ये तो आपोआप सांभाळला जातो. ‘फिक्स्ड’ बायसमध्ये स्क्रू फिरवून, मीटर बघून तुम्ही लावायचा. नाव फिक्स्ड आणि लावावा लागतो हाताने, ही गंमत नवख्याला हमखास चकवते. मीटर अँपवरच बसवलेला असेल तर काम पाच मिनिटांचं. त्यासाठी पेटी उघडावी लागणार असेल तर पहिल्या खरेदीत असा अँप नको. आत ३००-५०० व्होल्ट डीसी असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात.

पॉवर ट्यूब साधारण दोन ते पाच हजार तास चालतात, छोट्या सिग्नल ट्यूब त्याहून बऱ्याच जास्त. रोज दोन तास ऐकलं तर तीन वर्षं कुठे गेली नाहीत. ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी बंगळूरला व्हॉल्व्ह बनवायची, त्यातले काही जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांकडे अजून निघतात. ईएल३४, ईएल८४, केटी८८ यांपैकी ट्यूब असेल तर मिळायला अडचण नाही. कुठलीतरी अनवट लष्करी ट्यूब असलेला अँप स्वस्तात मिळत असेल तर दहा वर्षांनी तिचं काय करणार, हे आधी विचारा.

पायरी ७: तुमच्या घरातली वीज

जपानमधून आलेले जुने अँप १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला अमेरिकन अँप आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापू शकतो. हे सगळ्यांना माहीत असतं. जे निसटतं ते वेगळंच: चिनी बाजारासाठी बनलेले अँप २२० व्होल्टवर गुंडाळलेले असतात. माझ्याकडे रात्री अकरानंतर, शेजारपाजार झोपला की मल्टिमीटर २४८ दाखवतो. २२० च्या अँपला २४८ दिले की ट्यूब आतून तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.१ मिळतात. ट्यूबला साधारण दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, इथे ते ओलांडलं. म्हणून घरच्या विजेसाठी २३० किंवा २४० चा टॅप आहे का ते विचारा, नसेल तर स्टॅबिलायझर धरा.

उष्णतेचंही बघा. चार ईएल३४ चे नुसते हीटरच ३८ वॉट खातात, अख्खा अँप दीडशे-दोनशेपर्यंत जातो, गाणं लागो वा न लागो. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात हे कळायला लेख वाचावा लागत नाही. वर एक फूट तरी हवा मोकळी ठेवा. बंद टीव्ही युनिटमध्ये अँप कोंबू नका. घरात मूल किंवा मांजर असेल तर जाळीचं झाकण सोबत येतं का ते बघा. मांजराला ती ऊब फार आवडते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात सॉकेटच्या पिना हिरवट पडतात. अँप गार आणि बंद असताना ट्यूब काढून पिना कोरड्या ब्रशने पुसल्या की बहुतेक खरखर जाते.

पायरी ८: ऐकायला जाताना

आपले स्पीकर गाडीत घालून न्या, नाहीतर अँप दोन दिवस घरी मागा. दुकानातले स्पीकर दुकानाच्या सोयीचे असतात. अर्धा तास तापू द्या. मग तीन गोष्टी ऐका: एकटा गळा, द्रुत लयीतला तबला किंवा पखवाज, आणि खूप वाद्यं एकदम येणारं काहीतरी, जसं बँडचं किंवा सिंफनीचं. तबल्याच्या डग्ग्याला आकार आहे का, की नुसतं घुमतंय? तार सप्तकात आवाज पसरट होतो का? नेहमीपेक्षा थोडा मोठा आवाज ठेवूनही हेच पुन्हा ऐका.

शेवटी गाणं बंद करून कान ट्वीटरला आणि वूफरला लावा. हलका हम् सगळ्याच ट्यूब अँपना असतो. ८६ च्या स्पीकरवर जो ऐकूच येत नाही तो ९९ च्या भोंग्यावर खुर्चीपर्यंत पोहोचतो. खूप सेन्सिटिव्ह स्पीकरवाल्यांना वॉटची चिंता नाही, पण ही एक आहे.

पायरी ९: घरी पहिली संध्याकाळ

आधी स्पीकरच्या वायरी, मग वीज. कधीही उलटं नाही. स्पीकर न जोडता ट्यूब अँपवर सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि सगळ्यात महागडा भाग जातो. ट्रान्झिस्टरवाल्यांची सवय इथे उलटी पडते, त्याला शॉर्टची भीती, याला उघड्या टोकांची. वायरीचे मोकळे केस एकमेकांना लागू नयेत ही काळजी दोघांनाही आहेच.

ट्यूब घालताना मधली खाच बघून सरळ खाली दाबा, काच धरून पिळू नका. फिक्स्ड बायस असेल तर पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर बघा, आठवड्याने पुन्हा एकदा.

आणि टॅप. मागे ४ आणि ८ अशी दोन टर्मिनल असतात, आणि लोक स्पीकरवर ८ लिहिलंय म्हणून ८ ला लावून विसरून जातात. एक आठवडा ८ वर ऐका. मग अँप बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि वायरी ४ वर घ्या. वॉट थोडे कमी मिळतील, पण आउटपुट इम्पीडन्स निम्म्यावर येतो आणि खाली उतरणाऱ्या स्पीकरला ते मानवतं. माझ्याकडे आता ईएल३४ पुश-पुल आहे, स्पीकर तेच जुने ८६ डेसिबलचे, आणि वायरी ४ वर आहेत. द्रुत लागलं की डग्गा आता डग्ग्यासारखा वाजतो. ३००बी मी मित्राला दिला. त्याच्या हॉलमध्ये भोंग्याचे मोठे स्पीकर आहेत.